ऑपरेशननंतरही काळजी संपत नाही

पग जातीच्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांवरच्या लेखात म्हटलंय की ऑपरेशननं नाकपुड्या रुंद करून तोंडातल्या टाळूचा वाढीव भाग काढला की पगचा श्वासाचा त्रास मिटतो. आमच्या गुंड्याचं तसं झालं नाही, म्हणून लिहितेय. ऑपरेशनला चार वर्षं झाली. आधी तो आडवा झाला की श्वास कोंडायचा. हनुवटी पायरीवर टेकवून, मान वर धरून बसल्या बसल्या झोपायचा. आता कुशीवर झोपतो, हे सुख काही लहान नाही. पण घोरणं आहेच, आणि आमच्या परभणीत मे महिन्यात पारा ४३ च्या पुढं गेला की जीव कासावीस होतो त्याचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं, आणि याची ती वाटच अरुंद! म्हणून फिरणं पहाटे साडेपाचला, गळ्यात पट्टा नाही, छातीचा हार्नेस, आणि भाकरीचा तुकडासुद्धा मोजून. दीड किलो वजन उतरलं तेव्हा पहिल्यांदा जिना एका दमात चढला. जीभ निळसर दिसली तर मात्र घरी थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा. विकणाऱ्यानं "पग घोरतातच" म्हणून सांगितलं होतं. आम्ही दोन वर्षं तेच खरं धरून बसलो.