पाच अधिक एक

कोव्हॅक्सिनच्या टपाल तिकिटावरून आपल्याकडे भारतात अजूनही वाद उकरून काढला जातो, हे वाचून मनापासून चीड येते. लसीकरण मोहिमेला वर्ष झालं म्हणून 16 जानेवारी 2022 रोजी हे तिकीट निघालं. चित्र साधंच आहे. आरोग्य कर्मचारी एका ज्येष्ठ नागरिकाला लस टोचतोय आणि सोबत कोव्हॅक्सिनची कुपी. एका बाजूचे म्हणतात, देशात बहुतेकांच्या दंडात गेली ती पुण्याची कोव्हिशील्ड, मग कुपी दुसऱ्याच लसीची का? दुसऱ्या बाजूचे म्हणतात, माणसं ऑक्सिजनसाठी वणवण फिरली आणि यांना तिकिटं सुचतात.

पहिल्यांना एवढंच सांगते की कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणूही पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळा केला गेला. पुण्याचं नाव कुठे गेलेलं नाही. दुसऱ्यांचा संताप समजतो. पण भांडण दोघांचंही चित्राशीच आहे. तिकिटावर आकडा किती आणि त्यातला किती पैसा आरोग्याला गेला, हे कुणीच विचारत नाही.

मी राहते त्या न्यूझीलंडमध्ये या प्रश्नाचं उत्तर 1929 पासून तिकिटावरच छापलेलं असायचं. त्या डिसेंबरात निघालेल्या तिकिटावर परिचारिका होती, क्षयरोगाला हटवायला मदत करा असं आवाहन होतं आणि किंमत होती एक पेनी अधिक एक पेनी. पहिली पेनी टपालाची, दुसरी आरोग्याची. पुढच्या वर्षी क्षयाच्या जागी एकूणच आरोग्यासाठी मदतीचं आवाहन आलं, आणि या ‘हेल्थ स्टॅम्प’चा पैसा मुलांच्या हेल्थ कॅम्पना मिळू लागला. अशक्त, घरी हाल होणारी मुलं तिथे काही आठवडे राहायची. दूध, ऊन, झोप, पुन्हा दूध. ओटाकीचा कॅम्प 1932 पासूनचा.

याची मूळ कल्पना त्याहून जुनी. 1897 मध्ये न्यू साउथ वेल्सने क्षयरुग्णांच्या आश्रमासाठी एका पेनीचं तिकीट एका शिलिंगला विकलं होतं, म्हणजे बारा पट किमतीला. तिथेच या प्रकारातली पहिली चूकही दिसते. अधिभार टपालापेक्षा जड झाला की तिकीट पाकिटावर लागत नाही, थेट अल्बममध्ये जातं. न्यूझीलंडलाही ठेच लागली. 1931 ची हसऱ्या मुलाची दोन तिकिटं आज फार मोलाची आहेत, पण ती मंदीच्या दिवसांत आली. लालवर एक अधिक एक पेनी, निळ्यावर दोन अधिक एक. लोकांकडे ती जादा पेनी नव्हती. आज ती दुर्मिळ आहेत ती तेव्हा विकली गेली नाहीत म्हणून.

चित्र चुकलं तर काय होतं, तेही इथेच पाहायला मिळतं. 1996 मध्ये विषय होता मोटारीत मुलांची सुरक्षितता. तिकिटं छापून तयार झाली आणि मग लक्षात आलं की चित्रातलं मूल सीटवर चुकीच्या पद्धतीने बांधलेलं आहे. सुरक्षिततेचं तिकीटच चुकीचं शिकवत होतं. ती मागे घेऊन नवं चित्र छापलं. थोडी आधीच खिडकीतून गेली होती, संग्राहक आजही ती शोधतात. पण मला त्या घाईने मागे घेण्याचं महत्त्व वाटतं. आरोग्याचं तिकीट म्हणजे लाखो हातांत पडणारी सूचना असते, हे कुणाला तरी मनापासून पटलेलं होतं.

यावर आपल्याकडून उत्तर येतं की हे श्रीमंत देशांचे लाड आहेत. हे मला मान्य नाही, कारण भारताने हे करून दाखवलंय, तेही पंधरा दिवसांत. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी 15 नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचा जादा आकार लागला. वेगळं तिकीट तयार नव्हतं. म्हणून रोजच्या वापरातलं लाल रंगाचं पाच पैशांचं कुटुंब नियोजनाचं तिकीट घेतलं, म्हणजे आरोग्याचंच, आणि त्यावर ‘शरणार्थी सहायता’ अशी अक्षरं काळ्या शाईत मारली. नाशिक रोडच्या छापखान्याचा माल सगळीकडे पोचेपर्यंत गावोगावच्या टपाल कचेऱ्यांनी स्थानिक छापखाने आणि रबरी शिक्के वापरले. खास तिकीट 1 डिसेंबरला आलं. आकारणी 31 मार्च 1973 पर्यंत चालली.

ही तिकिटं भिंगाखाली धरा. नाशिकच्या छपाईत अक्षरांच्या कडा सरळ, शाई सारखी. रबरी शिक्क्याचं अक्षर तिरकं, मध्येच फिकं, कडेला शाई फुटलेली. रबरी शिक्का कुणीही बनवू शकतो, म्हणून नकलाही भरपूर. वापरलेलं तिकीट असेल तर एक गोष्ट आधी बघा. टपालाचा शिक्का आणि ही अक्षरं जिथे एकमेकांवर येतात, तिथे वरची शाई कुठली? अक्षरं शिक्क्याच्या वर बसली असतील तर ती नंतर मारलेली आहेत, तिकीट खोटं. खरं असेल तर शिक्काच वर असतो.

त्या वेळी अधिभार सक्तीचा होता. मला सक्ती नको. साध्या पत्राला आज पाच रुपये लागतात. पाच अधिक एक असं क्षयाचं तिकीट काढा, साधं तिकीटही शेजारी ठेवा, ज्याला हवं तो घेईल. दोन्ही आकडे तिकिटावर वेगवेगळे छापा. विक्रीची मुदत ठरवा, उरलेले ताव मोजून नष्ट करा, आणि किती विकली, किती रुपये कुठे दिले हे जाहीर करा. हा शेवटचा हिशेबच लोकांचा विश्वास मिळवतो. अमेरिकेने 1998 मध्ये स्तनाच्या कर्करोगाचं तिकीट काढलं तेव्हा जमा रकमेचे सत्तर टक्के कुठे आणि तीस टक्के कुठे, हे कायद्यातच लिहिलं होतं. क्षयच का, तर जगातल्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. आणि सवय जुनी आहे. शाळेत 2 ऑक्टोबरच्या सुमारास टीबी सील, म्हणजे क्षयरोगाच्या मदतीसाठीचे तिकिटासारखे दिसणारे कागद, वाटले जायचे, ते कित्येकांना आठवत असतील. मात्र सील चिकटवून पत्र जात नाही. तिकिटाने जातं, फरक एवढाच आहे.

नुसत्या गौरवाच्या तिकिटांची मला धास्ती वाटते ती 1962 मुळे. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या हाकेवर देशोदेशी हिवताप निर्मूलनाची तिकिटं निघाली. भारताचं 7 एप्रिलला, पंधरा नव्या पैशांचं. 1961 मध्ये भारतात हिवतापाचे रुग्ण 50 हजारांच्या आसपास उरले होते, तेव्हा विजय हाताशी वाटणं साहजिकच होतं. 1976 मध्ये तोच आकडा 64 लाखांवर गेला. डासांनी डीडीटी हे कीटकनाशक पचवलं, फवारणी ढिली पडली, पैसा आटला. तिकीट मात्र अल्बममध्ये जसंच्या तसं चकचकीत.

त्यापेक्षा प्लेगाची लस बनवणाऱ्या हाफकिनचं तिकीट मला जवळचं वाटतं. मुंबईच्या प्लेगात, 10 जानेवारी 1897 रोजी ज्याने आधी स्वतःलाच लस टोचून घेतली, त्याचं तिकीट निघालं 16 मार्च 1964 रोजी. दरम्यान पंजाबातल्या मुल्कोवाल गावात त्याची लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने गेल्याचा ठपका त्याच्यावर बसला आणि काही वर्षांनी पुसलाही गेला. सगळा हिशेब लागल्यावर टपाल खात्याने त्याला नमस्कार केला.

आता एक कबूल करायला हवं. ज्या न्यूझीलंडचा दाखला देत आहे, तिथे हेल्थ स्टॅम्प 2016 नंतर निघालेले नाहीत. पत्रंच उरली नाहीत. डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, किवीस्टॅम्प हे रोजचं तिकीट मागितलं की पोरगा ड्रॉवर उचकतो, पोस्टी म्हणजे पोस्टमन रोज येत नाही. म्हणजे मी आपल्या लोकांना ज्या देशाचा धडा देते तो देश माझ्या अल्बममध्येच शिल्लक आहे. आणि त्या अल्बममध्ये न्यूझीलंडची पानं कितीही भरलेली असली, तरी भिंग घेऊन मी बसते ती नाशिकच्या त्या लाल पाच पैशांपाशी. ओटाकीच्या कॅम्पसाठी माझ्या आईने कधी जादा पेनी दिली नव्हती. शरणार्थ्यांसाठीचे पाच पैसे मात्र तिच्या पाकिटावर लागलेले आहेत. इथल्या तिकिटांबद्दल मला आदर आहे. हक्क सांगावासा वाटतो तो त्या पाच पैशांवर, म्हणूनच भारतातल्या चित्रावरच्या भांडणाचा इतका त्रास होतो.

लिफाफ्याच्या कोपऱ्यात साधारण दोन सेंटिमीटर जागा असते. तिथे पाच अधिक एक लिहायला नाशिकला नवं यंत्रही लागणार नाही.