साडीच्या फोटोत माणूसही होता

गणपतीच्या आधी वहिनी माझ्यासाठी साडी बघायला लक्ष्मी रोडला गेली होती. मी हॅम्बुर्गला, त्यामुळे पसंती व्हॉट्सॲपवरच. दोन फोटो आले. तिसरा काढताना गल्ल्यावरून मालक ओरडले, "ओ ताई, फोटो नाही काढायचा!" भरल्या दुकानात. वहिनी तशीच उठून आली आणि त्या रात्री घरच्या ग्रुपवर वाद पेटला, तो चार दिवस चालला.

दादाचं म्हणणं, एवढे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाशी असं बोलायचं म्हणजे निव्वळ माज. काकांनी आयुष्यभर कापडाचं दुकान चालवलं. ते म्हणाले, लोक फोटो काढून नेतात, पलीकडच्या दुकानात दाखवतात आणि "हीच कितीला देता?" विचारतात. नक्षी उचलून पॉवरलूमवर काढणारे वेगळेच.

मला काकांचं पटतं. हातमागावर एकेका पैठणीला महिने जातात. नव्या डिझाइनची नोंदणी केली तर कायदा १० वर्षं संरक्षण देतो, पुढे ५ वर्षं वाढवूनही मिळतात. पण प्रत्येक नव्या वेलबुट्टीसाठी येवल्याच्या विणकराने अर्ज करत बसायचं का? माल उघडून दाखवताना फोटो काढू न देणं, एवढंच त्याच्या नि दुकानदाराच्या हातात उरतं. मात्र तशी पाटी दारातच हवी आणि सांगायचं ते हळू आवाजात. तिथे मी वहिनीच्या बाजूने आहे.

चार दिवसांत एका माणसाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या फोटोत साडी दाखवणारा विक्रेता होता. पन्नाशीचा असेल. निऱ्या कमरेशी धरलेल्या, पदर खांद्यावरून पुढे घेतलेला, मान जराशी कलती, कारण काठ नीट दिसावा म्हणून तो उजेडाकडे वळला होता. त्या फोटोखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणीतरी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तिथून आणखी कुठे. दिवसभरात शंभर वेळा पदर घेऊन दाखवणं ही त्याची कला आहे, पोटापाण्याचा धंदा आहे. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मी हे ठामपणे म्हणते, कारण इथे मीही तेच केलं होतं. हॅम्बुर्गला आले त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत फ्रान्त्सब्रोट्शन घ्यायला गेले. हा इथला दालचिनीचा दुमडलेला गोड पाव. आईला दाखवायला मोबाइल वर केला, तर काउंटरमागच्या बाईंनी तोंडासमोर आडवा हात धरला. "आधी विचारायचं असतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मी फोटो पुसला, पुसल्याचं त्यांना दाखवलं आणि मग विचारलं. त्यांनी ट्रे पुढे सरकवून माझ्याकडे वळवला आणि स्वतः दोन पावलं बाजूला झाल्या. पावाचा फोटो मिळाला, त्यांचा नाही.

जर्मनीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुकानाच्या आत काय चालेल ते मालक ठरवतो. पण चेहरा ज्याचा त्याचा, त्यावर मालकाचाही हक्क नाही. १९०७च्या कायद्यानुसार माणसाचा फोटो पसरवायला किंवा जाहीर दाखवायला, काही अपवाद सोडले तर, त्याची संमती लागते. माणूस गेल्यावरही १० वर्षं ती नातेवाइकांकडून घ्यावी लागते. या कायद्यामागची गोष्ट हॅम्बुर्गजवळच्या फ्रीड्रिख्सरूची. ३० जुलै १८९८च्या रात्री तिथे जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क वारला आणि इथले दोन छायाचित्रकार चोरून घरात शिरून त्याच्या मृतदेहाचा फोटो काढून आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. चेहऱ्यावरच्या हक्काचा कायदाच तेव्हा नव्हता, म्हणून १८९९ साली घरात बेकायदा शिरण्याच्या मुद्द्यावर निकाल द्यावा लागला.

तेव्हा प्रश्न होता तो बिस्मार्कच्या चेहऱ्याचा. आज चेहऱ्यावरचा तो हक्क बेकरीतल्या बाईंनाही आहे आणि तो त्यांना ठाऊक आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

इथलं सगळंच मला पटतं असं नाही. २०१० साली गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमधून आपलं घर पुसट करा म्हणून इथल्या सुमारे २,४४,००० कुटुंबांनी अर्ज केले. रस्त्यावरून कुणालाही दिसणाऱ्या भिंतीबद्दल एवढा संशय मला अजून समजत नाही. तुळशीबागेत तांब्याच्या भांड्यांचा फोटो काढू का विचारलं, तर "काढा की!" म्हणत दुकानदार मोठा हंडा स्वतःच उचलून पुढे धरतो. तो मोकळेपणा इथे मिळत नाही आणि त्याची आठवण येते. पण तिथेही मी विचारलेलं असतं.

आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३चा माहिती संरक्षणाचा कायदा मात्र व्यक्तीने केलेला घरगुती वापर वगळतो, म्हणजे घरच्या ग्रुपवरचा फोटो त्यात बसत नाही. बसावा असंही मी म्हणत नाही. वहिनीवर कुणी खटला भरावा असं कोण म्हणेल? पण त्या विक्रेत्याला "काका, तुमचा फोटो आला तर चालेल का?" एवढं विचारायला काय जातं? त्यांनी नको म्हटलं असतं, तर पदर गादीवर पसरून दाखवला असता. नक्षी तेवढीच दिसली असती.

हे मी ग्रुपवर न लिहिता वहिनीला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, त्यांनी मला पाणी आणून दिलं होतं." तिने फोटो सगळ्यांकडून पुसायला घेतला, पण त्याची मुदत उलटून गेली होती. तिच्या फोनवरून गेला. आमच्या ग्रुपवर अजून आहे, सोसायटीच्याही.