दोनदा चालव

आज सकाळच्या मीटिंगमध्ये आमच्या सीनिअरनी चारचौघांत जाहीर केलं, "ह्याने काल बिल्ड नीट न करताच पाच तास बग शोधला." सगळे हसले. मीही हसलो, पण तोंडाची चव गेली ती अजून परत आलेली नाही.

घडलं एवढंच. बिल्ड म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम बनवणं; आमच्याकडे ते मेक नावाचं साधन करतं. कॉमन डिरेक्टरीतल्या एका हेडरमध्ये, म्हणजे अनेक फाइलींनी वापरायच्या सामाईक फाइलीत, स्ट्रक्चरच्या (नोंदीच्या साच्याच्या) मधोमध मी एक फील्ड, एक नवा रकाना, घुसवलं. शेजारच्या डिरेक्टरीच्या मेकफाइलला, म्हणजे काय बदललं की काय पुन्हा बनवायचं हे मेकला सांगणाऱ्या फाइलीला, त्या हेडरचा पत्ताच नाही, त्यामुळे तिच्या ऑब्जेक्ट फाइली (कोडची यंत्रभाषेतली रूपं) जुन्याच मापाच्या राहिल्या. प्रोग्राम रकमेच्या जागी तारीख वाचत होता आणि मी डीबगर लावून आपलाच कोड उसवत बसलो होतो.

तेवढ्यात सीनिअर पाठीशी येऊन उभे राहिले.

"दोनदा मेक चालव."

"दोनदा का?"

"पहिल्या वेळी लायब्ररी मागाहून तयार होते, ती प्रोग्रामला जोडणारं लिंकिंग आधीच उरकतं. दुसऱ्या वेळी जमतं."

"म्हणजे डिरेक्टऱ्यांचा क्रमच चुकलाय ना?"

"चुकला कसा? दुसऱ्या वेळी जमतं म्हटलं ना."

"मग तसं कुठे लिहून का नाही ठेवलं?"

"ठेवलंय की!" त्यांनी बिल्डची स्क्रिप्ट उघडली. खरंच, एकाखाली एक दोन मेक. वर कॉमेंट: 'दुसरं काढू नये.' कोणी लिहिलं? "मी आलो तेव्हापासून आहे," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर वाडवडिलांची ठेव दाखवल्याचा भाव होता.

ह्या मेकच्या घराण्यात हे जुनंच आहे म्हणा. 1976 मध्ये बेल लॅब्ज ह्या अमेरिकी संशोधन संस्थेत स्टुअर्ट फेल्डमननी मेक लिहिलं. मेकफाइलमध्ये कमांडच्या ओळीआधी टॅबच हवा हा जाच त्यांना पुढे काढता आला असता. पण तोवर डझनभर लोक ते वापरत होते, त्यांची गैरसोय नको म्हणून राहू दिला. डझनभरांची सोय झाली. टॅबऐवजी आठ स्पेस पडल्या म्हणून शिव्या खाणारे आम्ही त्या डझनात नव्हतो.

असो. मी दोनदा चालवलं. दोन्ही वेळा शेजारच्या डिरेक्टरीचं उत्तर एकच: करण्यासारखं काही नाही. इतकं निवांत उत्तर मला कधी देता आलेलं नाही.

"मग क्लीन कर," सीनिअर म्हणाले आणि निघून गेले. सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड. चाळीस मिनिटं. बग गायब, आणि श्रेय त्यांना.

मला राग ह्याचा येतो की कोणतं हेडर कुठे लागतं हे कंपायलरला, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, पक्कं ठाऊक असतं, फाइली उघडतो तोच. -एमएमडी हा पर्याय दिला की मुकाट्याने यादी लिहून देतो. मेकफाइलने ती इन्क्लूड करायची, बस. इतक्या वर्षांत त्याला कोणी विचारलंच नाही.

दुपारी मी तेवढ्या दोन ओळी प्रत्येक डिरेक्टरीत घालून रिव्ह्यूला टाकल्या. आत्ताच त्यावर सीनिअरची कॉमेंट आली आहे: "ह्याची गरज काय? क्लीन केलं की होतं ना."