काउंटरमागचं स्टूल

आजोबांच्या काळात आमच्या कापडाच्या दुकानात सगळेच खाली बसायचे. पांढरी गादी, मागे लोड, समोर मांडी घालून बसलेलं गिऱ्हाईक आणि साड्या उलगडून दाखवणारा माणूसही त्याच गादीवर. 2006 साली मी दुकान नव्याने केलं. काचेचे काउंटर आले, एसी आला, गादी गेली. गिऱ्हाइकांना मऊ खुर्च्या, गल्ल्यावर मला फिरती खुर्ची. काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या 5 जणींसाठी काहीच नाही. ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, आणि याचं मला आज फार वाईट वाटतं.

सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ. जेवणाची सुट्टी सोडली तर सगळा वेळ उभं. लगीनसराईत तर पाणी प्यायलाही सवड नाही.

आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या ताईंच्या घोट्याजवळची जखम काही केल्या भरेना, म्हणून मीच त्यांना गाडीतून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की ते पायातच साचतं, आणि शिरांमधल्या झडपा हळूहळू कमजोर होतात. मग त्यांनी विचारलं, "दुकानात बसायला मिळत नाही का?"

ताई म्हणाल्या, "बसतो की, जेवताना."

मी शेजारीच उभा होतो. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच जास्त लागलं.

त्यानंतर वाचत गेलो. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, हे 1948 च्या कारखाने कायद्यातच सांगितलं होतं. दुकानातल्या बायकांना मात्र त्यासाठी लढावं लागलं. केरळात कोळिकोडच्या बाजारपेठेत विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने 'पेनकूट्टु' ही संघटना उभी केली. आधी मागणी स्वच्छतागृहाची होती, कारण ते नसल्यामुळे बायका दिवसभर पाणी प्यायचं टाळत. मग बसण्याची मागणी आली. 2018 मध्ये केरळने आणि 2021 मध्ये तमिळनाडूने दुकानांसाठी तसा कायदा केला. बसायला मिळावं म्हणून इतकी वर्षं भांडावं लागतं, हे एक मालक म्हणून मला शरमेचं वाटतं.

स्टुलं आणली. आठवडाभर त्यांवर कुणी बसलंच नाही! मी आत आलो की सगळ्या उभ्या. ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "दादा, तुम्ही दिसलात की आपोआप उठायला होतं." तेव्हा कळलं की नुसतं लाकूड आणून भागत नाही. इतकी वर्षं माझ्या नजरेनेच त्यांना उभं ठेवलं होतं. मी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं, गिऱ्हाइकासाठी उठा, माझ्यासाठी कुणीही उठायचं नाही. तरी सवय जायला काही महिने लागले. सगळ्यात आधी बसली ती नवीन लागलेली 19 वर्षांची मुलगी. तिला जुनी शिस्त माहीतच नव्हती. तिचं बघून बाकीच्या बसायला लागल्या.

बाजारातले मित्र म्हणतात, बसलेला नोकर बरा दिसत नाही, गिऱ्हाईक आलं तरी उठायचा नाही. माझ्या दुकानात एकदाही तसं झालेलं नाही. उलट संध्याकाळी सातला येणाऱ्या गिऱ्हाइकाशीही आता सगळ्या सकाळच्यासारख्या बोलतात. आणि समजा विक्री तसूभरही वाढली नसती, तरी मी स्टुलं ठेवलीच असती.

गिऱ्हाइकांनाही एक विनंती. तुम्ही दुकानात शिरताना कुणी बसलेलं दिसलं, तर मालकाकडे तक्रार करू नका. शक्य असेल तर "बसूनच दाखवा" म्हणा.

आणि दुकानदार मंडळींनो, स्टूल घेताना काउंटरच्या उंचीचं बघून घ्या, पाय टेकायला आडवी पट्टी असू द्या. आमची पहिली 5 बुटकी निघाली. त्यांवर बसून काउंटरपर्यंत हातच पोचेना, म्हणून सुताराकडून पुन्हा करून घ्यावी लागली.