टक्केवारी सांभाळून शिका

दिव्यांग विद्यार्थी म्हणून महाविद्यालयात शिकत असतानाच शासनाचे मासिक अर्थसाहाय्यही घेण्याचा आपला विचार असेल, तर पुस्तके विकत आणण्यापूर्वी आपण नेमके किती टक्के निकामी आहात हे पक्के करून घ्यावे. (टक्केवारी हा शब्द येथे कंत्राटदारांच्या अर्थाने घेऊ नये.) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत, पण त्यांचे दार ४० टक्क्यांना उघडते. ३९ टक्के भरलात तर आपल्या दुखण्याविषयी कोणाचेही दुमत नसते आणि ४० टक्क्यांखालच्या दिव्यांगांसाठीचे पांढऱ्या पट्टीचे वैश्विक ओळखपत्रही मिळते. ते जपून ठेवावे, कारण वापरण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत.

प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात जाताना चेहऱ्यावर उमेद दिसू देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका मुलाने कॅलिपर घालून तीन तास बाकावर काढताना वेळ जावा म्हणून अर्थशास्त्राचे पुस्तक उघडले, तेव्हा टेबलापलीकडून प्रश्न आला, "वाचता येतंय की चांगलं, मग त्रास काय आहे?" त्रास डाव्या पायाला होता.

वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर ही कसरत अधिकच नाजूक होते. वाचादोष ४० टक्क्यांहून कमी असेल तर राखीव जागा नाही, आणि ४० किंवा अधिक असेल तर अभ्यासक्रमालाच अपात्र, असा एक सुबक नियम होता. जागा राखलेली होती, तीवर बसू शकेल असा मनुष्य तेवढा संभवत नव्हता. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ टक्का पाहून विद्यार्थ्याला बाहेर काढू नका, त्याला शिकणे जमेल का हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहावे, असे सांगून या सौंदर्याला गालबोट लावले. पुढच्या वर्षी 'दोन्ही हात शाबूत हवेत' हा आग्रहही न्यायालयाला रुचला नाही.

आता पैशांचे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळत, ते दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये २,५०० झाले. त्यासाठी दिव्यांगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला ४,२०० सुद्धा नाही. तेव्हा एवढ्यात घर चालवून जे उरेल त्यातून शुल्क, बसभाडे आणि झेरॉक्स बिनघोर भागवावी. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे जाल, तर त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावे. पद लांबले आहे, रांग आधीपासूनच लांब होती. तहसील कार्यालयात शिरताना महाविद्यालयाचे ओळखपत्र गळ्यातून काढून खिशात घाला. शिकणाऱ्याला अनुदान देऊ नये असे कोठेही लिहिलेले नाही, परंतु न लिहिलेले नियमच टेबलावर अधिक निष्ठेने पाळले जातात, आणि "कॉलेजात जातोस, मग निराधार कसला?" या प्रश्नाला कोणतेही कागदपत्र जोडता येत नाही.

महाविद्यालयाच्या फाटकाशी ओळखपत्र पुन्हा गळ्यात घालावे आणि सकाळी तहसिलीत दाखवलेली असहायता तेथेच सोडून द्यावी, कारण आपला वर्ग तिसऱ्या मजल्यावर असतो. रॅम्प आहे, त्याची लांबी-रुंदी दुचाक्या लावण्यास इतकी सोयीची निघाली की आता त्यावर दुसरे काही मावत नाही. "जमत नव्हतं तर कशाला घेतलं ॲडमिशन?" असे कोणी विचारल्यास हसावे. परीक्षेत आपण सांगू ते लिहून देणाऱ्या लेखनिकाची सोय मात्र उत्तम आहे. तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात; आपण फक्त शिक्षणाने आपल्याहून एक पायरी खाली असलेला, त्याच दिवशी स्वतःची परीक्षा नसलेला आणि तरीही 'सीमांत उपयोगिता' न अडखळता लिहू शकणारा मनुष्य ऐन परीक्षेच्या हंगामात गाठून आणायचा असतो.

अनुदान चालू राहावे म्हणून दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो. तो मिळवण्यात जे दिवस जातात, ते महाविद्यालयाच्या ७५ टक्के हजेरीतून वजा होतात. त्यामुळे दाखला हाती येताच त्याच्या दोन प्रती काढून ठेवा. हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू दिले नाही, तर गैरहजेरीच्या काळात आपण निदान जिवंत होतो, एवढे तरी साक्षांकित प्रतीसह सिद्ध करता येईल.