वेळ मारून नेण्याचा आरोप : एका प्रतिक्रियेला उत्तर

'रुग्णाचा मुलगा' या नावाने लिहिणाऱ्या वाचकास नमस्कार.

तपासण्यांत कारण न सापडणाऱ्या दुखण्यांवरच्या माझ्या लेखाला उत्तर देताना आपण लिहिले आहे की, आपल्या आईंचा थायरॉईडचा आजार गावातल्या डॉक्टरांच्या ध्यानात यायला दीड वर्ष लागले, अशा रुग्णांना थेट लातूरला किंवा संभाजीनगरला पाठवायला हवे, आणि "तुमच्यासारखे डॉक्टर काही सापडले नाही की गोड बोलून वेळ मारून नेतात." आईंना जो त्रास झाला त्याचे मला मनापासून वाईट वाटते. थकवा आणि अंगदुखी सांगणाऱ्या बाईची टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी पैशांच्या कारणाने पुढे ढकलली जाते, हेही खरे आहे. पण शेवटचे वाक्य ज्या सुरात लिहिले आहे, तो सूर मी खपवून घेणार नाही.

वेळ मारून नेणे कशाला म्हणतात, ते आमच्या तालुक्यात आठवडी बाजाराच्या दिवशी कोणालाही पाहता येईल. 'अशक्तपणा आहे' असे सांगून सलाईन लावायचे, त्यात बी-कॉम्प्लेक्स सोडून बाटली पिवळी करायची, कमरेत डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची सुई द्यायची आणि पुढच्याला आत बोलवायचे. यात डॉक्टरचा वेळ जात नाही, पैसे जास्त मिळतात आणि रुग्णही समाधानाने घरी जातो. याउलट एखाद्या बाईचे पूर्ण ऐकून घ्यायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासाची वेगळी फी कोणी देत नाही. मग वेळ मारून नेणारा कोण, याचा आपण लिहिण्यापूर्वी विचार करायला हवा होता.

आपण ज्याला गोड बोलणे म्हणता, ते प्रत्यक्षात कसे असते तेही सांगतो. एखाद्या बाईची छातीत धडधड, जीव घाबरा होणे, बोटांना मुंग्या अशी तक्रार असते. ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच सगळे ठीक असते. हृदयाचा किंवा फिटचा त्रास नाही याची खात्री करून मी तिला माझ्यासमोरच भराभर श्वास घ्यायला सांगतो. थोड्याच वेळात ओठ आणि बोटे झिणझिणू लागतात, कारण जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. "हेच की हो डॉक्टर, हेच होतंय मला," असे ती स्वतःच्या बोटांकडे पाहत म्हणते. तिचे दुखणे खोटे नाही आणि ते कसे तयार होते हेही तिला त्या खुर्चीतच कळते. 'तुम्हाला काही झालेले नाही' हे वाक्य मी उच्चारत नाही. 'त्रास झाला तर या' असेही म्हणत नाही, पुढची तारीख देतो, आणि दर वेळी वजन करून पोट-छाती तपासतो. वजन उतरू लागले, संध्याकाळचा ताप येऊ लागला किंवा शौचातून रक्त गेले, तर त्याच दिवशी अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी देतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, त्यानंतर मी पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी माणसे तपासली आहेत. नेमकी पहाटेच धडधडून जाग येणाऱ्या त्या माणसांच्या ईसीजीत काहीही दिसत नव्हते. त्यांचे ऐकून घेणे ही पळवाट होती, असे माझ्या तोंडावर कोणी म्हणून दाखवावे.

राहता राहिला थेट मोठ्या दवाखान्यात पाठवण्याचा मुद्दा. बीडच्या ऊसतोड कामगार बायका ओटीपोटातले दुखणे आणि अंगावरून पांढरे जाणे या तक्रारी घेऊन ऑपरेशन करणाऱ्यांपर्यंत पोहोचल्याच होत्या, आणि त्यांतल्या कित्येक ऐन तारुण्यात गर्भाशय गमावून परतल्या. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली, ती यासाठीच. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांना गोव्यातील अभ्यासात असे आढळले होते की, पांढरे जाण्याच्या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट आहे. हे ज्याला माहीत आहे, तो पोटाला हात लावण्याआधी घरचे कसे चालले आहे हे विचारतो.

आजार सापडला म्हणजे मनाचा प्रश्न नव्हता, हा आपला निष्कर्षही टिकत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत, शारीरिक तक्रारींच्या रूपाने दिसणाऱ्या मनोविकाराच्या निदानासाठी असलेली 'वैद्यकीय कारण सापडू नये' ही अट काढून टाकली, कारण थायरॉईड आणि ताण एकाच देहात सुखाने नांदतात. औषध कंपन्या आणि डॉक्टरांच्या गाड्या यांविषयी आपण जे लिहिले आहे, त्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

थायरॉईडची गोळी सुरू होऊन, टीएसएच आटोक्यात येऊनही आईंची अंगदुखी उरली असेल, तर त्यांना जरूर घेऊन या. आधी तपासेन, मग बोलेन. त्या वेळी आपण मात्र बाहेर थांबावे, कारण मुलासमोर बायका निम्मे सांगत नाहीत.