जंतूंवर खापर, तंबाखूला सूट

आठवडाभरात चार जणांनी मला एकच मेसेज पाठवला. सोबत प्रश्नही तोच: "तुम्ही दातांचे डॉक्टर, हे खरं आहे का हो?" मजकूर थोडक्यात असा: तोंडाचा कॅन्सर तंबाखूमुळे नाही, तोंडातल्या जंतूंमुळे होतो हे आता सिद्ध झालंय, हे जंतू प्रतिकारशक्ती मारून टाकतात, तेव्हा रोज दोनदा जंतुनाशक माउथवॉशने चुळा भरा, तोंड निर्जंतुक ठेवा, कॅन्सर जवळ येणार नाही.

अख्खी थाप असती तर सोपं होतं. यात दोन चमचे खरं आहे, म्हणून वेळ काढून लिहितोय.

"तंबाखूमुळे नाही." इथे वादाला जागाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ओढायची आणि चघळायची तंबाखू, दारू, आणि तंबाखू न घातलेली नुसती सुपारीसुद्धा पहिल्या गटात टाकली आहे. पहिला गट म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टी. त्या गटात एक जिवाणूही (बॅक्टेरियाही) आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी, १९९४ पासून. पण तो जठराच्या कॅन्सरसाठी. तोंडातल्या एकाही जिवाणूला तिथे जागा मिळालेली नाही.

"जंतूंमुळे होतो हे सिद्ध झालंय." सिद्ध झालंय ते एवढंच, की तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीत काही जंतू निरोगी जागेपेक्षा जास्त सापडतात. पायरियातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस आणि कीटणातला फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम ही त्यातली ठळक नावं. आता गंमत बघा. दोघांनाही ऑक्सिजन सोसत नाही, आणि गाठीच्या आत ऑक्सिजन कमीच असतो. मग जंतूंनी गाठ केली, की गाठ झाल्यावर जंतू राहायला आले? शिवाय सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्याही बिघडतात, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच माणसात सापडणारच. दारूचं तर वेगळंच संगनमत आहे: तोंडातले काही जंतू दारूपासून अॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवतात, आणि ते डीएनएला इजा करतं. इथे जंतू दोषी आहेत, पण दारूचे साथीदार म्हणून. साथीदार सापडला म्हणून मुख्य आरोपीला सोडून द्यायचं का?

"प्रतिकारशक्ती मारतात." हा मुद्दा सगळ्यात रंजक, आणि मेसेजने त्याचीच माती केली आहे. फ्युसोबॅक्टेरियमच्या अंगावर फॅप२ नावाचं प्रथिन असतं. गाठीच्या पेशींवरच्या एका साखरेला ते चिकटतं. तेच प्रथिन आपल्या मारक पेशींवरच्या टिजिट नावाच्या खुंटीलाही अडकतं, हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं. टिजिट हा ब्रेक आहे. तो दाबला गेला की समोर गाठ असूनही मारक पेशी हात आखडता घेते. पण हेच जंतू हिरडीत उलटं करतात: पांढऱ्या पेशींच्या फौजा बोलावून घेतात आणि वर्षानुवर्षं सूज पेटती ठेवतात. म्हणजे एकीकडे दाबणं, दुसरीकडे भडकवणं. यात "प्रतिकारशक्ती वाढवा" या नेहमीच्या सल्ल्याला काय अर्थ उरतो? कुठली वाढवू, भडकलेली की दबलेली?

आणि २०२४ मध्ये लंडनच्या संशोधकांना काय आढळलं, तर डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये ज्यांच्या गाठीत फ्युसोबॅक्टेरियम होता ते रुग्ण जास्त जगले. प्रयोगशाळेतल्या बशीत तर या जंतूने कॅन्सरच्या पेशीच मारल्या. आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र हाच जंतू खलनायक ठरलाय. मला हे वाचून आनंदच झाला, मेसेज लिहिणाऱ्याला झाला नसता.

"तोंड निर्जंतुक ठेवा." होत नाही. सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणाऱ्या डच अँटनी व्हान लेव्हेनहूकने सतराव्या शतकात स्वतःच्या दातांवरचं कीटण भिंगाखाली पाहिलं, त्यात जीव वळवळत होते. त्याने कडक व्हिनेगरने चूळ भरली, तरी दातांमधल्या कीटणात ते जिवंतच. तेच कीटण काढून व्हिनेगरमध्ये कालवलं तेव्हा मात्र मेले. चूळ फक्त वरवरच्यांना गाठते, हे तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं. कीटण खरवडून काढावं लागतं. हिरडीखालचं तर आमच्याकडूनच. उलट जिभेवरचे काही जंतू भाज्यांमधल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यातून पुढे रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड बनतं. क्लोरहेक्झिडिन या माउथवॉशमधल्या जंतुनाशकाच्या चुळांनी हे जंतू मेले की काहींचा रक्तदाब थोडा वाढल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंय. दातांवर तपकिरी डाग पडतात ते वेगळंच.

चौघांपैकी एकाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पण जिभेच्या कडेला महिनाभर एक फोड आहे, दुखत नाही. माउथवॉश अजून किती दिवस वापरू?" दोन आठवड्यांत न भरणारी जखम दाखवायचीच असते, दुखो वा न दुखो. तो उद्या सकाळी येतोय.